ठिपकीची नखं शिवशिवतात

एक होती शेवंताकाकी, एक होते बाबलकाका. त्यांची लेक बायो. आणि बायोची इवलीशी मांजरी, ठिपकी.

घरात खुर्ची एकच. वेताची. ठिपकी तिच्यावर चढायची नि ओरबाडायची. खर्र खर्र! खर्र खर्र!

एक दिवस खुर्चीला भोक पडलं. काकी बसायला गेली, ती आतच रुतली!

"अगं मेले, खुर्चीची चाळण केलीस! हो बाहेर. ओरबाडायला दुसरं काही शोध, मग घरात ये."

वाटीतलं दूध गेलं. बायोची मांडी गेली. बायो रडली मुळूमुळू.

ठिपकी निघाली. टुणुक टुणुक, पडवीतल्या खांबाकडे.

"खांबा, खांबा, नखं माझी शिवशिवतात. काकी घरात घेईना. तुला ओरबाडू?"

खांब म्हणाला, "मी गुळगुळीत. घसरशील ग! आधी मला सुंभ गुंडाळ. काका वळतात ना, ती दोरी."

टुणुक टुणुक, काकांकडे.

"काका, काका, नखं माझी शिवशिवतात. खांब ओरबाडू देईना, काकी घरात घेईना. सुंभ वळता?"

काका म्हणाले, "कशाचा वळू? तुझ्या मिशांचा? नारळाचं सोडण हवं, वरची ती केसाळ साल. माडाकडे माग."

टुणुक टुणुक, माडाकडे.

"माडा, माडा, नखं माझी शिवशिवतात. काका सुंभ वळेनात, खांब ओरबाडू देईना, काकी घरात घेईना. नारळ टाकतोस?"

माड म्हणाला, "घसा सुकलाय माझा. आधी पाटाचं पाणी आण."

टुणुक टुणुक, पाटाकडे.

"पाटा, पाटा, नखं माझी शिवशिवतात. माड नारळ टाकेना, काका सुंभ वळेनात, खांब ओरबाडू देईना, काकी घरात घेईना. वाहतोस?"

पाट म्हणाला, "ब्ळब्! ब्ळब्! तोंडात चिखल माझ्या. कुणीतरी उकरा ग बाई!"

आता कुणाकडे जायचं? ठिपकीनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. मग आपल्या पंजांकडे पाहिलं.

नखं तर शिवशिवतच होती!

खर्र खर्र! खर्र खर्र! चिखल उडाला नाकावर. पाला उडाला शेपटीवर. आणि पाणी सुटलं, खळखळ खळखळ!

पाट वाहिला. माड गटागटा प्याला. नारळ पडला, धप्प! काकांनी सोडण सोललं, भिजवलं, कुटलं, नि वळला लांबच लांब सुंभ. खांबानं तो गुंडाळून घेतला, गरगर गरगर.

ठिपकीनं खांब ओरबाडला. खर्र खर्र! आहाहा!

काकी दारात आली. "पाट कुणी मोकळा केला ग?"

बायो म्हणाली, "आपल्या ठिपकीनं! नखांनी!"

"अगं माझे बाय ती! ये, ये घरात."

उरलेल्या सुंभानं काकांनी खुर्ची विणली. पाटाच्या पाण्यानं सगळे माड लगडले. घरात खोबरंच खोबरं, वाटीत दूधच दूध.

आता खुर्चीत काकी, काकीच्या मांडीवर बायो, बायोच्या मांडीवर ठिपकी.

घुर्र घुर्र. घुर्र घुर्र.