येते, मावशी

“पण मावशी नाहीच, तर दाखवू कुणाला, अप्पा?”

शिवकांत मगदूम मठाच्या ओसरीवर उभा होता. बूट पायांतच होते. ते काढायचे असतात, हे त्याच्या ध्यानातही नव्हतं.

मठ सांभाळणारे अप्पा मांडीवर सूप घेऊन ज्वारी निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“बस.”

तो बसला नाही. हातातल्या फोनकडे बघत राहिला. फोन वाजला की दचकत होता, आणि वाजला नाही तरी दर क्षणाला त्याचा पडदा उजळवून बघत होता.

शाळेची पाच वर्षं त्यानं याच मठाच्या वसतिगृहात काढली होती. दर रविवारी अप्पा मुलांना घरी पत्र लिहायला बसवत. शिवकांतची पत्रं सगळ्यांत गोड. मग इतर मुलं त्याच्याकडूनच लिहून घेऊ लागली. त्यांच्या आया ती पत्रं वाचून रडत. पोरगं किती समजूतदार झालं, असं म्हणत. कुणाचं पोरगं, ते अप्पांना ठाऊक होतं.

आता त्याचा कारखाना होता. कागलजवळच्या औद्योगिक वसाहतीत एक शेड, तान्ह्या मुलांसाठी नाचणीचं सत्त्व आणि मेतकूट. मालाचं नाव ‘आजोळ’.

आणि फेसबुकवर ‘आजोळची मावशी’.

पिकलेले केस, कपाळावर मोठं कुंकू, इरकल साडी. फोटो विकत घेतलेला. मावशी रोज लिहायची. बाळाला खोकला झाला तर काय, दात येताना काय, सासूनं टोमणा मारला तर काय. आठवड्याला एक मोठा लेख ब्लॉगवर. कुणीही काही विचारलं की चार मिनिटांत उत्तर. शिवकांत आणि ऑफिसातल्या दोन मुली पाळीपाळीनं मावशी होत.

प्रत्येक लेखाच्या शेवटी एकच ओळ असे: ‘कधीही ये गं. दार लोटलेलंच आहे.’

बेचाळीस हजार बाया त्या पेजवर होत्या. कंपनीत त्यांना ‘कुटुंब’ म्हणत. त्या कुटुंबातल्या एकीचाही आवाज कंपनीत कुणी ऐकलेला नव्हता.

यावर शिवकांत व्यापाऱ्यांच्या मेळाव्यांत भाषणं द्यायचा. माल विकू नका, नातं जोडा, असं सांगायचा. टाळ्या पडायच्या. दिवाळीत मठात आला तेव्हा मठाचंही पेज काढून देतो म्हणाला होता. अप्पा नको म्हणाले. मागे पडाल, असं तो हसत म्हणाला होता.

आज तो हसत नव्हता.

त्यानं जे सांगितलं ते तुटक तुटक सांगितलं. जत तालुक्यातल्या एका वाडीवरची सून. नाव महादेवी. आठ महिन्यांचं मूल. वर्षभर मावशीला लिहीत होती. आधी बाळाच्या पोटदुखीबद्दल, मग स्वतःबद्दल. आई लहानपणीच गेलेली, माहेरी कुणी नाही. गेल्या महिन्यापासून मारहाणीचं लिहायला लागली. ऑफिसातल्या मुली तिला धीर देत होत्या, लाल बदामाची चिन्हं पाठवत होत्या.

शनिवारी तिनं विचारलं, मावशी, खरंच कधीही आलं तर चालेल का?

त्या वेळी पाळी शिवकांतची होती.

उत्तर त्याला इतकं आवडलं की त्यानं त्याचा स्क्रीनशॉट काढून पेजवर टाकला. आमचं नातं असं आहे, असं वर लिहिलं. नावावर काळी पट्टी ओढली. कोपऱ्यातल्या छोट्या फोटोवर ओढायची राहिली. सातशे जणींनी बदाम टाकले.

रविवारी संध्याकाळी तिचा शेवटचा निरोप आला. दोन शब्दांचा.

“काय लिहिलं होतं?” अप्पांनी विचारलं.

“येते मावशी.”

“मग?”

“ऑफिसातल्या मुलीनं लिहिलं, ये हं, सावकाश.”

“म्हणजे तिला बोलावलं.”

“नाही अप्पा. त्या मुलीला वाटलं, महादेवी फोन बाजूला ठेवतेय. बायका निघताना म्हणतात की. जाते म्हणत नाहीत, येते म्हणतात.”

अप्पांचा हात सुपात थांबला.

“सासरी परत निघालेली येते म्हणते,” ते म्हणाले. “आपल्या माणसाकडं निघालेलीही येतेच म्हणते.”

“हो.”

“आणि जिला कुठंच जायचं उरलेलं नाही, ती काय म्हणते?”

शिवकांत आता बसला. ओसरीच्या कडेला, गुडघे जुळवून, वसतिगृहातल्यासारखा.

सकाळी दहा वाजता कंपनीच्या नंबरवर फोन आला होता, हे त्यानं मग सांगितलं. तिचा दीर. पहाटेपासून बाई घरात नाही, मूलही नाही. दोन विहिरी बघून झाल्या म्हणाला. तो स्क्रीनशॉट त्याच्याकडं कुणीतरी पाठवला होता. कोण ही मावशी, तिला फोनवर घ्या, असं म्हणत होता. शिवकांतनं मावशी बाहेर गेलीय असं सांगितलं.

“असं सांगितलंस?”

“तोंडातून गेलं.”

“पुढं?”

“तो हसला. म्हणाला, नसू दे, आम्ही घरी येऊन भेटतो. घरात सत्त्वाचा डबा होता, अप्पा. त्याच्यावर, झाकणावरही, पत्ता असतो. त्यानं तो मला वाचून दाखवला. हळूहळू. पिनकोडसकट.”

…

“आज शेडवर कोण आहे?”

“कुणी नाही. सोमवार. वसाहत बंद असते.”

“पोलिसांत कळवलंस?”

शिवकांतनं नकारार्थी मान हलवली. मग म्हणाला, “कळवलं की पेपरात येतं.”

अप्पांनी सूप बाजूला ठेवलं. त्यांचा चेहरा बदलला नव्हता, पण इतका वेळ ते ज्वारीकडं बघत होते, आता त्याच्याकडं बघू लागले.

“मग इथं कशाला आलास?”

त्यानं फोन पुढं केला. त्यात एक मजकूर लिहून तयार होता. अप्पांची शब्दांवर पकड आहे, त्यांनी एकदा नजर टाकावी, कुठं कमीजास्त वाटलं तर सांगावं, एवढंच त्याचं म्हणणं होतं. लवकर सांगावं. ती माणसं बोभाटा करायच्या आत पेजवर टाकायला हवं.

अप्पांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं. “‘मावशी ही आमच्या ब्रँडची एक संकल्पना आहे. ग्राहकांनी कृपया गैरसमज करून घेऊ नये.’”

चष्मा काढला.

“हे तिच्यासाठी आहे?”

“नाही. तिचा फोन बंदच आहे.”

“मग कुणासाठी?”

“…बाकीच्यांसाठी.”

“बेचाळीस हजारांसाठी.”

“अप्पा, तीस माणसं काम करतात माझ्याकडं. उद्या कुणी म्हटलं की यांनी पोरीला घर सोडायला लावलं, तर डबा कुणी हातात धरणार नाही. मी काय वाईट केलं? मी तिला उपाशी ठेवलं का? मी मारलं का? चार गोड शब्दच लिहिले ना? तिला त्या घरात दुसरं कोण गोड बोलत होतं?”

आवाज चढला होता. आवारातली कबुतरं उडाली.

अप्पांनी ती परत खाली बसू दिली.

“तिला काय लिहिलं होतंस शनिवारी? वाच.”

“सांगितलं की मघाशी…”

“सांगितलं नाहीस. वाच. तुझ्या आवाजात.”

त्यानं बराच वेळ बोटानं वर खाली केलं. सापडलं तेव्हा घसा खाकरला.

“‘अगं वेडाबाई, विचारतेस काय? आजोळी का कुणी विचारून येतं?’”

“पुढं.”

“‘तू नुसती ये. तुझ्या पानात वाढून ठेवते. बाळाला मी घेईन, तू…’”

तो थांबला. पडद्यावर गोड दिसणारे ते शब्द एका चाळिशीच्या पुरुषाच्या घोगऱ्या आवाजात ओसरीवर पडले, आणि तिथंच पडून राहिले.

“तू काय?” अप्पांनी विचारलं.

“‘…तू निवांत झोप.’”

“कुणी लिहिलं हे?”

“मावशीनं,” सवयीनं तो म्हणाला. मग त्याचे कान तापले. “मी.”



तेवढ्यात फोन वाजला. शिवकांतच्या हातून तो निसटून फरशीवर पडला. तो वाकला, बघितलं. शेजारच्या शेडचा रखवालदार होता, बाबू कांबळे. त्याच्या नंबरवरून कधी फोन येत नसे.

शिवकांत घ्यायला तयार नव्हता. अप्पांनी बोट पुढं करून पडद्यावरचं हिरवं बटण सरकवलं आणि आवाज मोठा केला.

“सायेब, तुमच्या दारात एक बाई बसलीया,” कांबळे सांगत होता. “लेकरू हाय संगट. मावशी कुठाय इचारतीया. म्या म्हटलं हितं कारखाना हाय, घर न्हाई. तर डब्याचं झाकणच दावतीया मला. पत्ता ह्योच हाय म्हणती.”

शिवकांतनं डोळे मिटले.

“हाय का सायेब लाइनीवर?”

“आहे.”

“उनात बसलीया. तोंड सुजलंय तिचं. हितं कुणी मावशी ऱ्हात न्हाई म्हणून सांगू का? जाईल उठून.”

…

एका शब्दाचं काम होतं. हो म्हटलं की बाई उठली असती. हमरस्त्यावर गेली असती, तिथून कुठंही. दाराशी कुणी सापडलं नसतं. मावशी संकल्पनाच राहिली असती. शिवकांतच्या ओठांवर तो शब्द आला होता. अप्पांना दिसत होता.

फोनमधून मुलाचं रडणं आलं. भूक लागलेल्या मुलाचं, किरकिरं, दमलेलं.

त्यानं फोनवर तळवा दाबला.

“काय सांगू, अप्पा?” तो कुजबुजला. “सांगा ना. काय सांगू?”

“मला विचारतोस होय?” अप्पा म्हणाले. “चार मिनिटांत उत्तर देतोस ना तू?”

शिवकांतनं त्यांच्याकडं बघितलं. अप्पा चेष्टा करत नव्हते.

त्याचा तळवा फोनवरून हलेना. पलीकडं कांबळे हॅलो हॅलो करत होता. मग थांबला. मूलही थांबलं. ते थांबणं रडण्याहून वाईट होतं.

त्यानं तळवा उचलला.

“कांबळे… कुठली गाडी आलीय का तिथं?”

“न्हाई जी. कुणाची?”

“तिला तुमच्या खोलीत घ्या. आत. आतून कडी लावायला सांगा. कुणीही आलं, तिच्या घरचं आहे म्हणालं, तरी उघडायचं नाही.”

“आनि मावशीचं काय सांगू?”



“सांगा, मावशी बाई नाही. बाप्या आहे. तिला लिहीत होता तो मीच. येतोय म्हणावं… निघालोय.”

मग कांबळे म्हणाला, “बरं.” त्याच्या आवाजावरून त्याला काय वाटलं ते कळलं नाही.

अप्पा उठले. मठाच्या जुन्या फोनवरून त्यांनी स्वतः पोलीस ठाण्यात कळवलं. शेडचा पत्ता दिला, बाईचं नाव दिलं, सोबत एक बाई पोलीस पाठवा म्हणाले. कोण कळवतंय, असं तिकडून विचारल्यावर त्यांनी आपलं नाव सांगितलं आणि मग शिवकांतचं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, कारखान्यासकट. प्रत्येक शब्दाला शिवकांतची मान थोडी खाली गेली. तो अडवू शकला असता. त्यानं अडवलं नाही.

स्वयंपाकघरातून अप्पांनी दोन भाकरी आणि झुणका फडक्यात बांधून आणला, तांब्याभर दूध आणलं. त्याच्या हातात दिलं.

“सांडेल, नीट धर,” अप्पा म्हणाले.



शिवकांत पायऱ्या उतरला. गाडीशी गेला, दार उघडलं, दूध सीटच्या कोपऱ्यात टेकवून ठेवलं. आणि तिथंच उभा राहिला. समोरचा रस्ता रिकामा होता, उन्हानं पांढरा. याच रस्त्यानं पलीकडच्या बाजूनं एखादी जीप वसाहतीकडं येत असेल. तीत किती जण असतील, त्यांच्या हातात काय असेल… आणि ते सगळं टळलं तरी एक बाई दाराची कडी काढून त्याच्या तोंडाकडं बघणार होती.

तो मागं वळला.

“अप्पा, तिला बघून काय बोलू? मला एक शब्द सुचत नाही.”

“बरं झालं.”

“थट्टा करू नका. मला भीती वाटतेय. खरंच वाटतेय.”

अप्पा पायरीवर उभे होते.

“तिलाही वाटतेय,” ते म्हणाले. “… आता जुळलं नातं. जा.”