शेंदरीची जागा

कोंबड्या माणसांशी मोकळेपणाने बोलत, त्या काळातली ही गोष्ट. सगुणामावशीच्या परसात चार कोंबड्या होत्या आणि शेंदरी त्यांची म्होरकी होती. एकदा मावशीने बाजारातल्या पिंजऱ्यातून सोडवलेली, पिसं झडलेली एक कोंबडी घरी आणली. तिचं नाव ठेवलं भुरी.

भुरी दाण्यांकडे वळली की शेंदरी तिला टोचून हाकलायची. एके दिवशी भुरीच्या मानेतून रक्त आलं. मावशीने जखमेला हळद लावली आणि शेंदरीला उचलून रिकाम्या गोठ्यात एकटीला ठेवलं.

"मावशी, उपरी ती आहे! तिला कोंडा की!" शेंदरी ओरडली.

"तिचं आयुष्य कोंडण्यातच गेलंय," मावशी म्हणाली. "आता तू थोडे दिवस बस."

शेंदरी परत आली, तोवर परसातली घडी बदलली होती. ती दाणे टिपायला गेली, तर तिच्याच जुन्या मैत्रिणींनी तिला टोचलं. संध्याकाळी खुराड्यातल्या दांडीवर तिच्यासाठी कुणी सरकेना. खाली तर मुंगसाची भीती. शेंदरी कोपऱ्यात अंग चोरून उभी राहिली.

"वर ये," दांडीच्या टोकावरून भुरी म्हणाली आणि सरकली.

शेंदरीला विश्वास बसेना. "अगं, मी तुला रक्त येईपर्यंत टोचलं होतं."

"माहीत आहे मला. मान अजून दुखते," भुरी म्हणाली. "पंख नीट मिटून बस, म्हणजे दोघी मावू."