अखंड कोपऱ्यांची वीट

एकदा एका सराफ बाजारात, सकाळचे बरोबर दहा वाजून वीस मिनिटं झाली असताना, एक बाई एका वृद्ध पारख्याच्या पेढीची पायरी चढली. वेळ इतकी नेमकी ठाऊक आहे, कारण पारख्याची भाची तेव्हाच भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देत होती. ती तीन वर्षं मामांच्या हाताखाली चांदीची पारख शिकत होती.

मामांचं काम साधं, पण मोठ्या विश्वासाचं होतं. चांदीची वीट आली की छिन्नीने तिचा एक कोपरा कापायचा, आतली चांदी तपासायची आणि खरी ठरली तर पाठीवर आपला शंखाचा ठसा मारायचा. तो ठसा दिसला की बाजारात कुणी दुसरा प्रश्न विचारत नसे.

बाईने लेकराच्या झबल्यात गुंडाळलेली वीट गादीवर ठेवली.

"सासूबाईंनी चाळीस वर्षं ज्वारीच्या कोठीत जपली होती, आप्पा. विकायची आहे. पोरीच्या दोन्ही डोळ्यांत फूल पडलंय. चार वर्षांची आहे. डॉक्टर म्हणाले, दिवाळीच्या आत ऑपरेशन केलं तर दिसेल. नंतर काही सांगता येत नाही."

पेढीवर एक व्यापारी चहा घेत बसला होता. त्याला जुन्या विटा जमवण्याचा नाद होता. त्याने वीट पाहिली आणि बशी तशीच खाली ठेवली.

"अरे वा! हिच्यावर ज्याचा छाप आहे, तो कारखाना बंद पडून जमाना झाला. आणि चारही कोपरे अखंड! बाई, घासलं नाहीत ना हिला? चिंच लावली असती तर वाटोळं झालं असतं. हा काळेपणा म्हणजे हिचं वय आहे, वय!"

"नाही हो शेठ, कधी हातसुद्धा लावला नाही."

"मग चांदीच्या भावाच्या दीडपट देतो. मात्र अट एकच. आप्पा, छिन्नी लावायची नाही. कोपरा गेला की माझ्या लेखी ती नुसती चांदी."

बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने झबल्याची घडी घालायला घेतली. जणू काम झालंच.

मामांनी वीट उलटी केली. पाठीवर शंख होता, त्यांचाच. त्यांनी ती तराजूत टाकली, मग बोटांनी तिची लांबी मोजली. एकदा मोजली, पुन्हा मोजली. वजन भरत होतं, पण त्या वजनाच्या मानाने वीट अंगाने लहान होती. भाचीच्या हे लक्षात आलं नाही. तिला एवढंच दिसलं, की मामांचा चेहरा उतरला.

आणि मग मामांनी छिन्नी उचलली.

"आप्पा!" व्यापारी ओरडला. घाव पडला होता. वरची जाड चांदी फाटली आणि आत काळपट, मऊ, चांदीहून जड शिसं दिसलं.

व्यापारी उठला, जोड्यात पाय घालता घालता म्हणाला, "गप्प बसला असतात तर तिघांचं भलं झालं असतं. शहाणपण म्हातारपणी कमी होतं म्हणतात, ते खोटं नाही."

बाई मात्र हलली नाही. ती म्हणाली, "ते घेत होते ना? त्यांच्या कपाटात ती चांदीच राहिली असती. का फोडलीत?"

मामांनी छिन्नी खाली ठेवली.

"पोरीच्या कपाळाला मी दिवसातून दहादा हात लावते," ती पुढे म्हणाली. "बरं आहे असं तोंडाने म्हणाली तरी लावून बघते. या विटेला एकदाही लावला नाही. तुमचा शंख होता ना वर."

मामांनी कपाट उघडलं आणि आपल्या घरची, कोपरा कापलेली, तेवढ्याच वजनाची वीट तिच्या पदरात घातली. भाचीला वाटलं, चला, झालं ते बरं झालं. पण बाजारात बातमी माणसाच्या आधी पोचते. शंखाच्या आत शिसं निघालं, हे दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. त्या खऱ्या विटेवरही शंखच होता. बाई पाच पेढ्या फिरली. कुणी वीट ठेवूनच घेतली नाही, कुणी पुन्हा कापली, कुणी हसून भाव पाडला. चौथ्या दिवशी जे हातात आलं, ते एका डोळ्यापुरतं होतं.

त्या संध्याकाळी भाचीने विचारलं, "मामा, वीट नकली आहे हे तुम्हाला कापण्याआधीच कळलं होतं?"

"चाळीस वर्षांपासून शंका होती," मामा म्हणाले. "एक शेठ शंभर विटा घेऊन आला. म्हणाला, लोकांना अखंड कोपरे आवडतात, कापू नका. मी दहा कापल्या. दहाही खऱ्या निघाल्या. उरलेल्या नव्वदांवर तसाच ठसा मारला. त्या दहा विटा नव्वदांच्या वतीने बोलल्या, आणि मी ऐकून घेतलं. पुढे कानावर आलं, तो शेठ गाव सोडून गेला. मी म्हटलं, एखादी नकली निघेल तेव्हा बघू. आज गप्प बसलो असतो तर हीच वीट आणखी वीस वर्षांनी दुसऱ्या एखाद्या आईने पोरासाठी बाहेर काढली असती. बाळे, विश्वास ही जपून ठेवायची वस्तू नव्हे. ज्याला घाव सोसतो, तोच खरा. आणि ज्याला आपण घाव घालत नाही, त्याचा भार शेवटी लेकरू उचलतं."

"पण मग त्या पोरीचा दुसरा डोळा?"

मामांनी ठसा ऐरणीवर ठेवला आणि हातोड्याने शंख चेपून टाकला. मग छिन्नी तिच्या हातात दिली. "त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. तू एवढं कर. आणखी एकोणनव्वद घरं आहेत. ती शोध."

भाची दारोदार जाऊ लागली. बहुतेकांनी दार लावून घेतलं. "आमची वीट चांगली आहे, बाई. आप्पांचा ठसा आहे तिच्यावर," असं ती माणसं अजूनही सांगत. तिला तेव्हा समजलं, की मामांनी हातोडा चाळीस वर्षं उशिरा उचलला होता.

तुमच्याही घरात कोठीच्या तळाशी असं काहीतरी असेल, कुणाच्या तरी शब्दावर जपलेलं. लेकरू आजारी पडायची वाट पाहू नका. आजच बाहेर काढा, कोपरा कापून बघा. आणि शेजारणीलाही सांगा. ती दार लावून घेईल, तरी सांगा.