हळदीच्या गोदामातलं आकाश

“आणि माणूस कुठं उभा राहील?” दाजी मास्तरांनी विचारलं.

“मधोमध,” अवंती म्हणाली. “माणूस जाईल तिकडं आकाश जाईल, मास्तर. तेच तर आहे.”

सांगलीतल्या एका जुन्या हळदीच्या गोदामात तिनं ब्रह्मांड उभं केलं होतं. काळ्या भिंती, आणि छतापासून जमिनीपर्यंत लोंबणारे बारीक दिवे. माणूस हलला की सेन्सरला कळायचं, आणि तारे पेटत पेटत त्याच्याभोवती गोळा व्हायचे.

मास्तरांच्या हाताखाली ती माती मळायला शिकली. मग एक दिवस, तुमचे पुतळे मेलेले आहेत असं तोंडावर सांगून निघून गेली. आज उद्घाटनाचे पाहुणे बाहेर ताटकळत होते, पण मास्तरांनी हो म्हटल्याशिवाय दार उघडायला तिचं मन धजत नव्हतं.

मास्तर चपला काढून आत गेले. तारे त्यांच्याकडे धावले. ते मधोमध मांडी घालून बसले... ते बसलेच.

एकेक करत तारे विझले. मिट्ट काळोख झाला.

अवंतीनं पडद्याआडून सांगितलं की जरा हात हलवा, स्वस्थ बसलं की खोलीला वाटतं आत कुणीच नाही.

“बरोबर वाटतंय तिला,” अंधारातून आवाज आला.

तिचं डोकं फिरलं. ती तरातरा आत शिरली. सगळे तारे एकदम पेटून तिच्याभोवती जमले. झोपेतल्या माणसावर कुणी दिवा लावावा तसा मास्तरांनी डोळ्यांवर हात धरला.

“काय चुकलं ते सरळ सांगा,” ती म्हणाली. “तुम्ही म्हाताऱ्यांनी कोडी घालायची आणि आम्ही जन्मभर सोडवत बसायचं.”

मास्तरांनी शेजारची जमीन थोपटली.

ती रागानंच बसली. पाय हलला, तारे हलले. बोटं चाळवली, तारे थरथरले. ती आणखी चिडली. मग चिडूनही दमली.

तारे गेले.

भिंत कुठं आहे ते कळेना. मग आपला हात कुठं संपतो, तेही.

बाहेरून कुणीतरी दार ठोठावलं. ती हलली नाही.

“मास्तर... आहात ना?”

“आता दार उघड,” अंधारातून मास्तर म्हणाले.