खरं पाणी

मंडळी, अनोळखी खाडीत गलबत घालायचे झाले, तर भरवसा कोणावर ठेवाल? गोड बोलणाऱ्यावर, की दोरीला शिसे बांधून पाणी मोजणाऱ्यावर? ठरवा मनाशी, आणि ऐका.

एका राज्यात खाडीच्या मुखावर एक बेट होते. उत्तरेला बुडालेले खडक, दक्षिणेला वाळूचा दांडा, आणि दांड्याला लागून गलबताला एकच वाट. ज्याचे बेट त्याचे बंदर. म्हणून तीन राजघराण्यांनी ते एकमेकांकडून हिसकावले. पहिल्याने तट बांधला, दुसऱ्याने बुरूज, तिसऱ्याने दोन्ही पाडून पुन्हा तेच बांधले. राजे बदलले, रीत एकच राहिली: परक्याने पाणी विचारले, म्हणजे वाट कुठे आणि खोली किती, की वाट दाखवणाऱ्या तांडेलाने खोटे सांगायचे.

धाकू तांडेलाच्या आजाने असेच एका जादूगारिणीला फसवले. तिची होडी फुटली. ती पोहत काठाला लागली आणि म्हणाली, "दर खोट्यामागे बेट हातभर खाली जाईल." तसेच झाले. आता भरती विहिरीला भिडली होती.

धाकूची बायको जनाई कळशी आपटून म्हणाली, "जीभ तुमच्या आजोबांची, आणि पेज खारट माझी!"

धाकू बुरुजाखाली जाऊन बसला. वर बसलेला एक समुद्रगरुड बोलला, "मित्राला, परक्याला आणि वैऱ्याला, तिघांना खरं पाणी सांग. शाप सुटेल."

मित्राचे गलबत आले. धाकूने खरे सांगितले. पुढे लवंगा घेऊन परका व्यापारी आला; त्यालाही सांगितले. मग क्षितिजावर वैऱ्याची शिडे दिसली.

बेटाचा राजा तटावर आला आणि म्हणाला, "धाकू, खरं सांगशील तर बेट जाईल."

"महाराज, खोट्यानं ते रोजच जातंय."

राजाने विहिरीकडे पाहिले, आणि होकारार्थी मान हलवली.

धाकू होडी वल्हवत पुढे गेला. वैऱ्याचा सरदार वीरभान वरून ओरडला, "तांडेला, वाट कुठं?"

"दक्षिणेला, दांड्याला लागून. उत्तरेला गुडघाभर पाण्याखाली खडक आहेत."

वीरभान खदखदून हसला. "म्हणजे उत्तरेनंच जायचं! तीन पिढ्या ओळखतो तुम्हा बेटकऱ्यांना."

"सरदार, शपथ घेतो!"

"शपथही खारटच असणार. फिरवा रे सुकाणू!"

गलबत खडकात रुतले. त्याच क्षणी शाप सुटला: बेट वर आले, खडकही वर आले, आणि कोंबडी अंड्यांवर बसावी तसे गलबत त्यांवर बसले. मागची गलबते थबकली. धाकूने होड्या बोलावून एकूण एक माणूस उतरवून घेतला.

वीरभान ओल्या अंगरख्यात म्हणाला, "तू खरं सांगितलं होतंस?"

"सांगितलं होतं, सरदार. खरं ऐकायची सवय तुम्हाला आम्हीच लावली नाही."

जनाईने त्याला विहिरीचे पाणी दिले. गोड होते. वीरभानाने दुसऱ्यांदा तांब्या पुढे केला, आणि तिथेच तह झाला. वाट सर्वांना खुली झाली, आणि वाटेची खोली बुरुजावर कोरली गेली. वाळू सरकते, म्हणून दर पौर्णिमेला धाकू ती नव्याने मोजतो.

तर मंडळी, तुमच्याही दारी कोणी पाणी विचारायला येईल. तेवढा हिशोब चोख ठेवा, वैऱ्यासाठीसुद्धा.