भावाने आणलेले वासरू

फार जुन्या काळची गोष्ट. डोंगरापलीकडच्या मुलखात एक हिरवी माशी आली होती. मेलेल्या जनावराकडे ती ढुंकूनही पाहत नसे. जित्या जनावराच्या जखमेवर बसे. नुसता ओरखडाही तिला पुरे. तिथे ती अंडी घाली, अळ्या होत, आणि त्या जिवंत मांस पोखरत आत शिरत.

अलीकडच्या गावाने खिंडीत धुरपा नावाच्या बाईला राखणीला बसवले. तिची नजर तीक्ष्ण. येणारे प्रत्येक जनावर ती कानापासून खुरापर्यंत तपासून मगच आत सोडी. तिने बैलांचे तांडे माघारी धाडले. एका म्हाताऱ्याचे चिघळलेल्या पायाचे कुत्रेही सोडले नाही. लोक तिला दगडाच्या काळजाची म्हणत. पण गावचे गोठे भरलेले राहिले.

एके दिवशी डोंगरापलीकडून तिचा थोरला भाऊ आला. बहिणीला द्यायला त्याने गाय आणली होती. गाय वाटेतच व्याली होती, म्हणून कोवळे वासरू त्याच्या खांद्यावर होते. धुरपाचा हात सवयीने वासराच्या पोटाकडे गेला. भावाचा चेहरा उतरला.

"धुरपे, माझीही झडती घेणार?"

तिने हात मागे घेतला. "नाही दादा. घरी चल."

वासराची नाळ अजून ओली होती.

पाहुणचार घेऊन भाऊ परत गेला. पुढे वासरू दूध पिईना, मान टाकून पडू लागले. कुजका वास सुटला तेव्हा धुरपाने त्याची बेंबी पाहिली. आत अळ्या वळवळत होत्या. लाजेने तिने कुणाला सांगितले नाही. दार लावून कडुलिंबाचा पाला वाटून लावत राहिली. वासरू मेले. तोवर कितीतरी अळ्या मातीत उतरल्या होत्या, आणि त्यांच्या माश्या झाल्या.

आधी शेजारची म्हैस गेली, मग मेंढ्या, मग दारादारांतली कुत्री. उन्हाळा सरेपर्यंत गावात हंबरणे ऐकू येईनासे झाले.

धुरपाने चावडीवर जाऊन सगळे सांगितले. कुणी हात उगारला नाही. म्हातारा पाटील एवढेच म्हणाला, "परक्याचं वासरू असतं तर तू पाहिलं असतंस, पोरी. आणि वेळेत पाहिलं असतंस, तर कदाचित तेही जगलं असतं."

त्यानंतर ती गावोगाव सावध करत हिंडली. प्रत्येक वेशीवर आधी स्वतःची चूक सांगे. काही गावे वाचली. तिच्या गावचे गोठे मात्र पुन्हा भरले नाहीत.

तात्पर्य : आपल्या माणसाचा मान राखावा, पण त्याची जखम सर्वांआधी पाहावी.