मखमल आणि टिटवीची जागा

नदीकाठच्या एका गावात एक शिंपीण राहत होती आणि तिच्या घरात तिच्याहून जास्त थाटात राहत होती तिची मांजर. शिंपिणीला मूलबाळ नव्हतं, नवरा जाऊनही बराच काळ लोटला होता. एका थंडीत मांजरीचं एक भिजलेलं पिल्लू तिच्या चिंध्यांच्या ढिगात येऊन झोपलं आणि तिथलंच होऊन गेलं. त्याचं अंग इतकं मऊ होतं की शिंपिणीने नाव ठेवलं मखमल.

मखमलीला सकाळी दूध, दुपारी दूधभात आणि संध्याकाळी सुकटीचा तुकडा. शिंपीण स्वतः चटणीभाकरीवर दिवस काढील, पण मांजरीची वाटी रिकामी राहू द्यायची नाही. आणि ही बया एवढं खाऊन करायची काय, तर परसाच्या दारातून बाहेर पडायची आणि कधी सरडा, कधी चिमणी, कधी बेडूक तोंडात धरून परत यायची. शिकार उंबऱ्यावर ठेवायची आणि शिंपिणीकडे बघत बसायची.

"अगं माझे बाई, मला आणलंस व्हय?" शिंपीण म्हणायची, केरसुणीने ते उचलून उकिरड्यावर टाकायची आणि वाटीत आणखी थोडं दूध ओतायची. नदीच्या वाळूत कलिंगडाची वाडी लावणाऱ्या शेजारणीने एकदा विचारलं, "काकू, तुमची मांजर पाखरं मारती का वो?"

"छ्या! दूधभात खाणारा जीव त्यो. चुकून झालं आसंल," शिंपीण म्हणाली. आपलं लेकरू कुणाला वाईट दिसतं? पोट भरलेलं मांजर कशाला शिकार करील, असं तिला मनापासून वाटायचं. मांजराची भूक वेगळी आणि शिकारीची हौस वेगळी, हे मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या गावात उन्हाळ्यात नदी आटली की लोक वाळूत कलिंगडं आणि खरबुजं लावत. त्याला ते वाडी म्हणत. वाडीचा जीव नदीच्या हातात असायचा. वर डोंगरात लवकर पाऊस झाला की एका लोंढ्यात सगळी वाडी वाहून जायची. आणि भिऊन आधीच फळं तोडली तर आतून पांढरीफटक निघायची. मग तोडायची कधी? हे त्या गावाला टिटवी सांगायची.

दुसऱ्या गावांत टिटवी ओरडली की लोक कपाळाला आठ्या घालतात, अशुभ म्हणतात. या गावात तिचा मान होता. अक्षय्य तृतीया झाली की गावातले जाणते आबा काठी टेकत नदीवर जायचे आणि टिटवीने अंडी कुठे घातलीत ते बघून यायचे. खाली वाळूजवळच्या खड्यांत असली तर नदी यंदा उशिरा येणार, फळं निवांत पिकू द्या. वर माळावर असली तर लोंढा लवकर येणार, तोडणी उरका. वाळू आणि गाव यांच्यामध्ये खड्यांचा एक लांब पट्टा होता. तिथे कुणी नांगर घालत नसे, गुरं बांधत नसे. ती टिटवीची जागा.

त्या वर्षी आबा नदीवरून परत आले ते गंभीर चेहऱ्याने. "अंडी पार वर हायत, माळावर," ते म्हणाले. "माझ्या उभ्या जन्मात येवढ्या वर बघितली न्हाईत."

झालं! गावात एकच धांदल उडाली. दिवस न् दिवस राबून लोकांनी वाड्या रिकाम्या केल्या. कलिंगडं फोडली तर आतून पांढरी, काकडीसारखी बेचव. बाजारात कुणी हात लावीना. शेवटी गुरांपुढे टाकली. आणि नदी? नदीचा पत्ताच नाही. वाळू तापत राहिली, आभाळ कोरडं राहिलं. फळं वेलीवर असती तर साखरेसारखी पिकली असती.

लोक चिडले. चिडलेल्या माणसाला दोष द्यायला कुणीतरी लागतं. कुणी म्हणालं टिटवी खोटारडी, कुणी म्हणालं आबांना आता दिसत नाही. आबांनी पारावर येणंच सोडून दिलं. घरात भिंतीकडे तोंड करून बसून राहायचे. शिंपिणीची शेजारीण, ती वाडीवाली, दारात रडत बसली. तिच्या घरचं वर्षाचं सगळं त्या वेलींवर होतं. शिंपिणीने तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. तिला खरंच वाईट वाटलं.

दोन-चार दिवसांनी शिंपीण गोधड्या धुवायला नदीवर गेली. धुतलेल्या गोधड्या वाळत घालायला ती माळावर चढली, तर समोरच्या दगडांत काहीतरी हललं. टिटवीची पिल्लं! नुकतीच अंड्यातून निघालेली, अंगावर मातकट ठिपक्यांची लव आणि पाय तेवढे काडीसारखे लांब. आई डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होती आणि पिल्लं तुरुतुरु पळून दगडांत दबून बसत होती.

शिंपिणीच्या हातातली गोधडी तशीच राहिली. असं पिल्लू तिने आधी पाहिलं होतं. चैत्रात एका सकाळी मखमलीने ते उंबऱ्यावर आणून ठेवलं होतं. मग दुसरं. मग तिसरं. 'कुणाच्या कोंबडीचं असंल' म्हणून तिने ते उकिरड्यावर टाकलं होतं. पण कोंबडीच्या पिलाचे पाय इतके लांब कुठे असतात? आणि त्या दिवशी मखमलीचे पंजे ओल्या वाळूने भरलेले होते. आपणच तर पदराने पुसले होते.

म्हणजे टिटवीने पहिली अंडी खाली वाळूजवळच घातली होती. तिची पिल्लं मखमलीने मारली, म्हणून ती बिचारी जीव मुठीत धरून माळावर गेली आणि पुन्हा अंडी घालून बसली. आबांनी जे पाहिलं ते खरंच होतं. पण टिटवी वर गेली होती ती मांजरीला भिऊन, आणि अख्ख्या गावाला वाटलं ती पाण्याला भ्याली.

त्याच संध्याकाळी पारावर गाव जमलं. वाडीचं नुकसान भरून काढायला काय करायचं, हा प्रश्न होता. वाडीवाला, म्हणजे त्या शेजारणीचा नवरा, उठून म्हणाला, "त्यो खड्यांचा पट्टा उगा पडून हाय. उद्या नांगर घालू, गाळ टाकू आन् तिथंबी येल लावू. खोटारड्या पाखराला जागा कशापायी?"

"बरोबर हाय!" चारी बाजूंनी आवाज आला.

शिंपीण बायकांच्या घोळक्यात मागे बसली होती. बोललं नाही तर उद्या टिटवीची जागा जाणार आणि आबा खोटे ठरून मरणार. बोललं तर मखमल जाणार. गेल्या साली कोंबड्या चोरणाऱ्या एका बोक्याला लोकांनी पोत्यात घालून नदीपलीकडच्या रानात सोडलं होतं. त्याचं पुढे काय झालं ते कुणालाच माहीत नव्हतं. मखमलीला तर उंबऱ्याबाहेर झोपायचीही सवय नव्हती. 'कुणी बघितलं न्हाई, कुणाला कळणार बी न्हाई,' शिंपिणीच्या मनात आलं. मग तिला आबांची ती भिंतीकडे वळलेली पाठ आठवली.

ती उठून उभी राहिली. "टिटवी खोटारडी न्हाई आन् आबाबी न्हाईत," ती म्हणाली. "चूक माझ्या घरात झालीया." आणि तिने सगळं सांगून टाकलं, उंबरा, उकिरडा, ओली वाळू, काही राखून ठेवलं नाही.

एकदम गलका उठला. "पोतं आणा रं!" वाडीवाला ओरडला. "आजच्या आज सोडू पल्याड!"

शिंपिणीचे डोळे भरून आले, पण ती हलली नाही. "भाऊ, तुझी वाडी माझ्यापायी गेली. तू म्हनशील ते मी ऐकंन. पर येक सांग, नदीपल्याड टिटव्या न्हाईत का? त्यांच्या पिलांनी कुनाचं काय केलंय? आपली पीडा दुसऱ्याच्या दारात टाकली म्हंजी मिटली व्हय? मांजरीनं मांजरीचा धरम केला. माझा मी केला न्हाई. तिला दार उघडून मीच देत व्हते."

"काकू, आमचा बोकाबी परवा दयाळ पाखराचं पिल्लू घेऊन आला व्हता," वाडीवालीच खालच्या आवाजात म्हणाली. नवऱ्याने चमकून तिच्याकडे पाहिलं. मग दुसरी म्हणाली, आमचीही मांजर सुतारपक्ष्याच्या मागे असते. तिसरी म्हणाली, आमची तर रोज काहीतरी आणते. मघाशी पोतं मागणारे एकेक करून खाली बसले. गावात मांजर नाही असं घर होतंच कुठे?

कुणीतरी आबांना बोलावून आणलं. सगळं ऐकून म्हाताऱ्याने डोळे पुसले आणि शिंपिणीला म्हणाले, "पोरी, खरं बोललीस. पट्ट्याला यंदा नांगर लागनार न्हाई. पुढच्या उन्हाळ्यापोतर तुझ्या मांजरीचं तू बघ."

शिंपिणीने सगळ्यात आधी मखमलीच्या गळ्यात घंटा बांधली. उंदरांना जमलं नाही ते आपल्याला जमलं म्हणून खूश झाली. पण मांजर ते मांजर. चार दिवसांत मखमल मान ताठ ठेवून अशी चालायला शिकली की घंटा वाजेचना. मग शिंपिणीने लालपिवळ्या चिंध्यांची झालर शिवून तिच्या गळ्यात घातली, लांबून पाखरांना दिसावी म्हणून. अख्खं गाव हसलं. "काकू, मांजरीचं लगीन कवा हाय?" चिमण्यांनी मात्र ती झालर ओळखली. मखमल दिसली की भुर्रकन उडून जायच्या. उंबऱ्यावर चिमणी येणं बंद झालं आणि शिंपिणीला वाटलं, सुटले.

ती आबांना सांगायला गेली. आबांनी मान हलवली.

"चिमणी उडती, पोरी. टिटवीच्या पिलाला कुठं उडाया येतंय? ते भ्यालं की पळत बी न्हाई, हाय तिथं भुईला चिकटून बसतं. तुझी झालर बघितली तर आनकीच घट्ट बसंल. मांजरीला आयतंच."

"मग करू तरी काय, आबा?"

"टिटवी बसल्यापासून तिच्या पिलांना पंख फुटंस्तोवर तुझं दार लावून घे."

ऐकायला सोपं, पण करणाऱ्याला विचारावं. चैत्र लागला तशी शिंपिणीने परसाचं दार लावलं, खिडकीला जाळी बांधली आणि मखमलीने घर डोक्यावर घेतलं. दार ओरबाडलं, शिवायला आलेलं एक परकर पोलकं फाडलं, रुसून वाटीला तोंड लावेना. तिचं ते केविलवाणं ओरडणं ऐकून शिंपिणीचं काळीज तुटायचं. कितीदा तरी तिचा हात कडीपर्यंत जायचा. घडीभर सोडलं तर काय बिघडतंय? मग ती हात मागे घ्यायची आणि मखमलीला मांडीवर घ्यायची, मग दोघीही रुसून बसायच्या.

एके दिवशी तिच्या लक्षात आलं, हिला खायला नकोय, हिला धावायला हवंय. तिने चिंध्यांचं एक पाखरू शिवलं, काठीला दोरीने बांधलं आणि घरभर उडवलं. मखमलीचे डोळे चमकले. दबा धरला, झेप घेतली, भांडी पाडली, शिंपिणीचा घाम काढला आणि शेवटी ते पाखरू पकडून ऐटीत बसली. मग तिने पोटभर दूधभात खाल्ला आणि गाढ झोपली. त्या दिवसापासून शिलाई थोडी मागे पडली, पण रोज सकाळ-संध्याकाळ हा खेळ चुकला नाही. शेजारीण बघायला आली आणि आपल्या बोक्यासाठी एक पाखरू शिवून घेऊन गेली. हळूहळू घरोघरची दारं लागली. आळीआळीत बायका काठी घेऊन मांजरांमागे धावताना दिसायला लागल्या आणि ज्यांनी मांजरीचं लग्न विचारलं होतं, तेही त्यांत होते.

अक्षय्य तृतीयेला आबा काठी टेकत नदीवर गेले. आले ते हसत. "खाली हायत! वाळूजवळच्या खड्यांत. पिकू द्या रं फळं." आणि जरा थांबून म्हणाले, "टिटवीला पावसाचं किती कळतं, ते मलाबी ठाऊक न्हाई. पर तिला मनासारखं बसाया मिळालं तरच तिचं ऐकन्यात अर्थ हाय." त्या वर्षी कलिंगडं वेलीवर लालबुंद पिकली. वाडीवाल्याने पहिलं फळ शिंपिणीच्या दारात आणून ठेवलं. जाताना जाळीतून मखमलीच्या नाकाला बोट लावून गेला.

एका सकाळी शिंपिणीला राहवलं नाही. मखमलीला आत कोंडून, कडी दोनदा तपासून ती एकटी नदीवर गेली. खड्यांच्या पट्ट्यात चार पिल्लं तुरुतुरु धावत होती. अजून उडता येत नव्हतं, पण पंख फुटायला लागले होते. शिंपीण दोन पावलं पुढे गेली, तोच टिटवी आभाळातून तीरासारखी खाली आली. कर्कश ओरडत तिच्या डोक्यावरून गेली, वळली, पुन्हा आली. शिंपिणीने पदर डोक्यावर घेतला. एवढं केलं आपण हिच्यासाठी आणि ही आपल्यालाच हाकलतेय!

तिला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं. "बरोबर हाय तुझं, बाई," ती म्हणाली. "ओरड. अशीच ओरडत ऱ्हा." आणि पिल्लांना अजून भीती वाटू नये म्हणून ती आल्या वाटेने हळूहळू मागे फिरली.

तात्पर्य: आपल्या लाडक्याचं पोट भरलं म्हणजे आपलं काम संपत नाही, त्याच्यापायी दुसऱ्याचं घरटं उजाडू नये, एवढी राखणही मायेनेच करायची असते.